तूच शिकवलेस ना पत्ते!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. कारण जे लिहायचं होतं ते लिहिण्याआधी भाच्याला विचारणं भाग होतं. परवा विचारलं. तो म्हणाला, "लिही की मामा, आता काय उरलंय लपवायला." म्हणून हे. ताई, तूही हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

तर सुरुवात विरार लोकलपासून. आमच्याकडे सगळ्याच गोष्टी तिथूनच सुरू होतात. :)

मी पंचवीस वर्षं विरार ते चर्चगेट केलं. साठ किलोमीटर जायचे, साठ यायचे. ज्यांनी ही गाडी पकडली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पकडली त्यांना सांगून उपयोग नाही. आमचा सहा जणांचा ग्रुप होता. दोन बँकवाले, एक मंत्रालयातले, एक औषध कंपनीतले, एक कॉलेजात शिकवणारे (त्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे) आणि मी. नालासोपारा यायच्या आत मांडीवर बॅग आडवी पडायची, तिच्यावर रुमाल आणि रुमालावर पत्ते. रमी. पैसे कधी लावले नाहीत, तसा नियमच होता. महिनाअखेरीला ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त पॉइंट, त्याने सगळ्यांना वडापाव आणि चहा द्यायचा.

आमच्या ग्रुपमध्ये एक गोष्ट कमीपणाची मानली जायची, ती म्हणजे ड्रॉप घेणं. रमीत पत्ते बघितल्या बघितल्या 'पॅक' म्हटलं तर वीस पॉइंटवर सुटका होते. खेळत राहून समोरच्याने डिक्लेअर केलं आणि तुमच्याकडे एकही सीक्वेन्स नसला तर थेट ऐंशीपर्यंत बसतात. हिशोब सरळ आहे. पण आम्ही कुणी पॅक करायचो नाही. "बघू की रे, येईल एखादा जोकर!" या आशेवर अंधेरीपर्यंत जायचो आणि ऐंशी घेऊन दादरला उतरायचो.

भाच्याला पत्ते मीच शिकवले. मे महिन्यात तो आगाशीच्या जुन्या घरी यायचा. दुपारी ऊन मी म्हणायचं, मोठी माणसं झोपायची आणि आम्ही दोघं ओटीवर. आधी झब्बू, मग बदाम सात, मग पाच-तीन-दोन, मग मेंढीकोट, शेवटी रमी. नऊ-दहा वर्षांचा असेल. दुसऱ्याच उन्हाळ्यात तो मला म्हणाला होता, "मामा, तुझ्याकडे किलवरची राणी आहे. मघाशी मी गुलाम टाकला तेव्हा तू उचलू की नको असं केलंस." मला भयंकर कौतुक वाटलं होतं. आल्यागेल्याला सांगत सुटलो होतो.

तेच कौतुक नंतर माझ्या अंगावर आलं. २०२१ साली त्याने आयटीतली चांगली नोकरी सोडली आणि घरी सांगितलं की आजपासून मी पोकर खेळतो, तेच माझं काम. लॉकडाऊनमध्ये रात्री रात्री कॉम्प्युटरवर काय चालायचं ते तेव्हा उमगलं. ताईचा मला फोन आला. रडत होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर एकच वाक्य म्हणाली, "तूच शिकवलेस ना पत्ते!" आणि फोन ठेवला.

तिचं म्हणणं सोपं होतं. जुगार तो जुगार. धर्मराजासारखा धर्मराज त्यात बुडाला, तिथे तुझं काय? शिवाय लोकांना काय सांगायचं? हळदीकुंकवाला बायका विचारतात, मुलगा काय करतो. ती सांगायची, "ऑनलाइन काहीतरी करतो." ते 'काहीतरी' म्हणताना तिचा आवाज खाली जायचा. स्थळं यायची बंद झाली ती वेगळीच.

मला कामगिरी मिळाली, त्याला समजवायची. मी ठरवलं की उगाच उपदेश नको, त्याला एक गोष्ट सांगू. म्हणून वाचायला लागलो आणि वाचता वाचता मला स्टू उंगर भेटला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल. जन्म १९५३, न्यूयॉर्कचा. बापाच्या बारमध्ये जुगार चालायचा, पोरगं तिथेच वाढलं. आपल्या रमीची एक चुलत बहीण आहे, जिन रमी. दोघांत खेळतात, दहा-दहा पत्ते. त्यात हा पोरगा लहानपणीच असा तयार झाला की मोठमोठे खेळणारे त्याच्यासमोर बसेनात. समोरच्याने काय टाकलं, काय उचललं यावरून चार चालींत हातातले पत्ते ओळखायचा. शेवटी अशी पंचाईत झाली की जिन रमी खेळायला कुणी मिळेचना, म्हणून तो पोकरकडे वळला. लास वेगासला पोकरची जी जागतिक मालिका होते, तिची मुख्य स्पर्धा १९८० साली त्याने जिंकली. अंतिम फेरीत समोर डॉयल ब्रन्सन होता, म्हणजे त्या खेळातला भीष्माचार्यच. लहानखुरा, पोरगेला चेहरा, म्हणून नाव पडलं 'द किड'. पुढच्या वर्षी, १९८१ ला, पुन्हा तोच जिंकला.

आणि मग घसरगुंडी. टेबलावर मिळवलेले लाखो डॉलर तो घोड्यांवर आणि सामन्यांच्या सट्ट्यावर उडवायचा. जोडीला कोकेन. १९९० च्या मुख्य स्पर्धेत तो आघाडीवर होता आणि तिसऱ्या दिवशी खेळायला आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. पोकरमध्ये प्रत्येक डावात आळीपाळीने दोघांना ठराविक रक्कम आधीच टाकावी लागते. तुम्ही हजर नसलात तरी तुमच्या ढिगाऱ्यातून ती कापली जाते. त्याची खुर्ची रिकामी, समोरचा ढीग डावागणिक कमी होतोय, आणि तरीही तो ढीग इतका मोठा होता की तो न खेळता नववा आला! हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो बराच वेळ.

१९९७ ला तो परत आला. खिशात दमडी नव्हती. प्रवेशाचे दहा हजार डॉलर बिली बॅक्स्टर नावाच्या मित्राने भरले. कोकेनने नाकाची वाट लागलेली, ते झाकायला डोळ्यांवर निळा गोल चष्मा. सोबत मुलीचा फोटो. आणि जिंकला! तिसऱ्यांदा. दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे बॅक्स्टरचे. काही महिन्यांत त्याच्या वाट्याचेही संपले. २२ नोव्हेंबर १९९८ ला वेगासच्या एका साध्या मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. अंत्यसंस्काराला ओळखीच्यांना वर्गणी काढावी लागली.

ही गोष्ट घेऊन मी भाच्याकडे गेलो. मनात म्हटलं, आता बघतो कसा ऐकत नाही ते.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, उंगर पत्त्यांत बुडाला असं तुला कुठे दिसलं? तो घोड्यांवर बुडाला. सट्ट्यात बुडाला. जिथे त्याला काही कळत नव्हतं तिथे. टेबलावर तो हरत नव्हता, टेबलावरून उठल्यावर हरत होता."

मग त्याने मला त्याचं काम दाखवलं. मला वाटलं होतं, काहीतरी अड्डा वगैरे असेल. साधी एक्सेल शीट होती. तारीख, तास, किती डाव, किती रुपये आले-गेले. एका वेळी स्क्रीनवर चार-सहा टेबलं उघडी. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मध्ये पाच सगळ्यांचे. दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात, त्यातल्या बहुतेक तो बघताक्षणी टाकून द्यायचा. मी विचारलं, "मग खेळतोस कधी?" तर म्हणे, "टाकणं हाच खेळ आहे." दोन एक्के हातात येणं सगळ्यात भारी, पण ते २२१ डावांत सरासरी एकदा येतात. ते आले आणि समोर दोन राजे असले तरी पाचातून जवळजवळ एकदा राजेच जिंकतात. "त्यात माझी चूक नसते, मामा. पण घरी जेवायला बसलो की आई चेहरा बघते आणि विचारते, आज हरलास का? तिला कसं सांगू की आज बरोबर खेळलो आणि हरलो?"

यावर मी काय बोलणार? आमच्या नोकरीत बरोबर काम केलं की पगार व्हायचा, आणि चुकीचं केलं तरी व्हायचा.

त्याच्या भिंतीवर कात्रणं होती. २०१७ साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत या जोडीने वेगासच्या त्याच मालिकेतली एक स्पर्धा जिंकली. विजेत्याला सोन्याचं ब्रेसलेट देतात, ते भारतीयांना मिळालेलं पहिलं. त्याच उन्हाळ्यात जावाने एकट्याने आणखी एक जिंकलं. शेजारी ख्रिस मनीमेकरचा फोटो. टेनेसीतला हिशोबनीस. घरबसल्या शंभर डॉलरच्या आत पैसे भरून ऑनलाइन पात्रता फेरी खेळला, २००३ ची मुख्य स्पर्धा गाठली आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याला बघून जगभरच्या पोरांना वाटलं, मग मी का नाही? २००६ ला त्याच स्पर्धेत ८७७३ जण उतरले. मी भाच्याला म्हटलं, "मनीमेकरचा फोटो लावलास. या बाकीच्या ८७७२ मध्ये जे हरले त्यांचे फोटो कुठे आहेत?" तो हसला. म्हणाला, "तो प्रश्न मी रोज विचारतो."

आता ताई, हे तुझ्यासाठी.

२०२२ मध्ये एकदा तो रात्री माझ्याकडे आला. शीट दाखवली. सलग पाच महिने उणे. खेळ चुकत नव्हता असं त्याचं म्हणणं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. चेहरा मात्र कळत होता. खेळायला जे भांडवल बाजूला ठेवलेलं असतं ते संपत आलं होतं. त्याने मागितले नाहीत. मीच विचारलं, किती लागतील. आणि एक एफडी मोडून दीड लाख दिले. वर म्हटलं, "आईला सांगू नकोस." त्याच आठवड्यात तू मला फोनवर विचारलंस, "काही ऐकतो का रे तुझं?" आणि मी म्हटलं, "बोलतोय मी त्याच्याशी."

म्हणजे गेलो होतो उंगरची गोष्ट सांगायला आणि होऊन आलो बिली बॅक्स्टर. बॅक्स्टरने निदान अर्धा वाटा घेतला होता. :)

का दिले? खूपदा विचार केलाय. त्याच्यावर विश्वास होता हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की ओटीवरचं ते कौतुक माझ्यातून गेलंच नव्हतं. माझ्या शिकवण्यातून कुणीतरी एवढा मोठा खेळणारा व्हावा असं मला वाटत होतं. नशीब की अकरा महिन्यांत त्याने पै न् पै परत केली. 'नशीब' म्हटलेलं त्याला आवडणार नाही. पण बुडाले असते तर मी तुला काय तोंड दाखवणार होतो? मी डोळे झाकून पत्ता उचलला होता, एवढंच खरं.

२०२३ च्या पावसाळ्यात त्याच्याबरोबर गोव्याला गेलो. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ पासून कागदावर होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्यात मात्र मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. मला तिथला गालिचा, दिवे, गोंगाट यातलं काही आवडलं नाही. पण पोकरच्या खोलीत शांतता होती. परीक्षेच्या हॉलसारखी. दुपारी सुरू झालेली स्पर्धा मध्यरात्र उलटली तरी चालू. शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच अशा स्पर्धेत बक्षीस मिळतं. अजून दोघं बाहेर गेले की उरलेल्यांना पैसे, अशी वेळ आली. भाच्याने सगळे चिप्स पुढे ढकलले. समोरच्यानेही. पत्ते उलटले. भाच्याकडे दोन एक्के, समोर दोन राजे.

मला पाचातून एक ते आठवलं आणि पोटात गोळा आला. चौथा पत्ता चौकटचा राजा.

तो उठला. समोरच्याशी हात मिळवला, "वेल प्लेड" म्हणाला, टेबलावरच्या इतरांना मान लवली आणि बाहेर आला. मला म्हणाला, "चल मामा, जेवलेलो नाही आपण." पणजीत त्या वेळी उघडं असलेल्या एका टपरीवर ऑम्लेट-पाव खाल्ला. लॉजवर आल्यावर दहा मिनिटांत तो घोरायला लागला. मी पहाटेपर्यंत जागा होतो. एखादी लोकल चुकली तर दिवसभर चिडचिड करणारा माणूस मी. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या पोराने आपल्याकडून पत्ते घेतले असतील, पण हे आपल्याकडून घेतलेलं नाही.

मग २०२५ चा ऑगस्ट. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. आता त्यात कौशल्य आहे की नशीब हा प्रश्नच नाही. इतकी वर्षं सगळा वाद त्यावरच होता. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने हैदराबादकडच्या एका क्लबच्या खटल्यात म्हटलं होतं की रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय ठेवायचं काय टाकायचं याला अक्कल लागते. तीन पत्तीची गोष्ट वेगळी. (आमच्या मास्तरांना हा निकाल तोंडपाठ होता. गाडीत पोलीस आला की ऐकवायची त्यांची तयारी असायची.) पोकरबद्दल मात्र एकमत नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ ला नशिबाचा खेळ म्हटलं, मद्रासने २०२३ ला कौशल्याचा. २०२३ पासून जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर होता, तो भाचा भरत होता. सरकारने कर घेतला तेव्हा धंदा होता, मग आता काय झालं, हा त्याचा प्रश्न. आणि कर्ज काढून खेळून घरं बसली, पोरांनी जीव दिले, त्यांचं काय, हा ताईचा प्रश्न. मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात आणि दोघांना एकदम 'तुझं बरोबर' म्हणता येत नाही. आपल्याच विरार-नालासोपाऱ्यात गाडीत शेजारी बसलेली किती पोरं मोबाइलवर पगार घालवताना मी बघितली आहेत. त्यांच्याकडे कुठली एक्सेल शीट नव्हती.

बातमी आली त्या आठवड्यात ताई जीवदानीच्या पायऱ्या चढून गेली, ओटी भरली आणि खाली येऊन बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. संध्याकाळी भाच्याच्या हातावरही पेढा ठेवला. तो म्हणाला, "आई, माझं काम बंद झालं आणि तू पेढे वाटतेस?" एवढंच. पेढा खाल्ला त्याने. पण आठवडाभर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. तेव्हा ताईने मला विचारलं, "माझं चुकलं का रे?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. नाही चुकलं. चार वर्षं तू धास्तीत काढलीस, ती उतरली तर पेढे वाटावेसे वाटणारच. पण त्या चार वर्षांत तुझ्या मुलाने काय केलं ते तू कधी बघितलं नाहीस, आणि ज्याने बघितलं होतं त्या माझ्यासारख्याने तुला सांगितलं नाही. तो उंगर नव्हता. जगज्जेताही नव्हता. रोज सकाळी उठून एक अवघड काम नीट करणारा माणूस होता, आणि पाच महिने वाईट गेले तेव्हा तुझ्याकडे न येता माझ्याकडे आला, यात तुझ्यापेक्षा माझा दोष जास्त आहे.

आता तो नोकरी करतोय. बायोडाटात मधल्या चार वर्षांचं काय लिहावं यावर घरात बराच खल झाला. 'फ्रीलान्स' लिही म्हणून मीच सुचवलं. त्याने 'प्रोफेशनल पोकर प्लेअर' असं लिहिलं. दोन ठिकाणी त्यावरून नकार आला आणि तिसऱ्या ठिकाणी त्यावरूनच बोलावलं. जोखमीचे हिशोब करायचं काम आहे म्हणे.

मागच्या आठवड्यात मला फोर्टात एक काम होतं, म्हणून त्याच्याबरोबर सकाळच्या गाडीने गेलो. डब्यात जुन्या ग्रुपमधले औषध कंपनीवाले भेटले आणि त्यांचे दोन सोबती. एक गडी कमी होता. मी भाच्याला पुढे केलं. त्याचा पूर्वेतिहास अर्थातच सांगितला नाही. :) बॅग आडवी झाली, रुमाल पसरला, पत्ते वाटले. भाच्याने तेरा पत्ते लावले, एकदा बघितले, मिटले आणि म्हणाला, "पॅक."

सगळे बघायलाच लागले. "अहो, अजून वसई पण आली नाही!" औषध कंपनीवाले म्हणाले. "बघा तरी एखादा पत्ता उचलून."

"नको काका. लिहा वीस."

मी त्याच्या कानाशी विचारलं, "इतके वाईट होते?"

"हो मामा," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर खाडी बघत बसला.